परदेशी नोकरीसाठी सीव्ही: आठ वर्षांचं काम अनोळखी माणसाला कसं सांगायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, कारखान्याच्या देखभाल विभागात आठ वर्षं काढलेली. जर्मनी, ब्रिटन आणि कॅनडात एकच चार पानी सीव्ही फोटोसकट पाठवताय, आणि एकतर उत्तर येत नाही किंवा दोन ओळींचा नकार येतो. युरोपास हा युरोपीय संघाचा सीव्हीचा नमुना वापरावा का, फोटो लावावा का, आणि कंपन्यांचं सॉफ्टवेअर सीव्ही माणसापर्यंत पोचूच देत नाही हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. तिन्हींची उत्तरं देतो, पण तुमचं घोडं अडलंय ते दुसरीकडेच.

एका देशातल्या इंजिनिअरना दुसऱ्या देशातल्या कारखान्यांत नोकरीला लावणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे बाहेरून आलेले सीव्ही मी रोज वाचतो. ओळखीच्या वर्तुळात नोकरी बदलताना एचआरच्या माणसाला तुमच्या कंपनीचं नाव वाचलं की पुढचं आपोआप कळतं: कारखाना केवढा, काम कसं चालतं, तिथला सीनिअर इंजिनिअर म्हणजे नेमका कोण, तुमचं कॉलेज बरं की यथातथा. यातलं काही सीव्हीत नसतं, कारण लिहायची गरजच पडत नाही. तोच कागद परदेशात गेला की हे सगळं गळून जातं. उरतं एक कधी न ऐकलेलं नाव, कसाही अर्थ लावता येईल असा हुद्दा, आणि ‘मशिनच्या देखभालीची जबाबदारी’ अशा ओळी. तुम्ही चांगले की साधारण हे ठरवायला वाचणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, आणि ज्यांच्याबद्दल ठरवता येईल असे अर्ज शेजारीच पडलेले असतात.

त्याच्या डोक्यात आणखी एक शंका असते. या माणसाला कायद्याने कामावर घेता येईल का, आणि आला तर किती महिन्यांनी येईल? सीव्ही लिहिताना हे दोन प्रश्न समोर ठेवा. फोटो, साचा, पानं या गोष्टी त्यांच्या मागून येतात.

आधी सॉफ्टवेअरचं सांगतो, कारण त्याची भीती फार पसरली आहे. मोठ्या कंपन्या वर्कडे, ग्रीनहाउस, सक्सेसफॅक्टर्स अशा प्रणालींतून अर्ज घेतात. ही प्रणाली तुमच्या फाइलमधला मजकूर उचलते आणि नाव, कंपनी, तारखा, शिक्षण अशा चौकटींत भरते. मग भरती करणारा त्यात शोध घेतो, चाळणी लावतो, उघडून वाचतो. ठरावीक शब्द कमी पडले म्हणून यंत्राने परस्पर कचऱ्यात टाकलं, असं लोक समजतात तितकं सर्रास होत नाही. अर्ज परस्पर बाद होतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या एका प्रश्नावर: ‘तुम्हाला या देशात काम करण्यासाठी आमच्या प्रायोजकत्वाची गरज लागेल का?’ कंपनीने परदेशी माणसाला कामाचा परवाना काढून द्यायचा नाही असं ठरवलेलं असेल, तर ‘हो’ म्हणताच अर्ज तिथेच बंद होतो. रात्री अर्ज आणि सकाळी नकार, यामागे बहुधा हेच असतं. पण म्हणून तिथे ‘नाही’ लिहू नका. करार करताना ते उघड होणारच आणि त्या कंपनीचं दार कायमचं बंद होईल. त्यापेक्षा कंपन्याच निवडून अर्ज करा. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीच परदेशी माणसाला स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजित करू शकते, आणि अशा कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. अर्ज करण्यापूर्वी त्या यादीत नाव शोधणं हे फॉन्ट बदलण्यापेक्षा कितीतरी फायद्याचं.

मजकूर उचलताना मात्र घोटाळे होतात. दोन रकान्यांचा आकर्षक साचा, टेबलं, पानाच्या शिरोभागात घातलेला फोन नंबर, चित्राच्या रूपातला मजकूर यांत यंत्र अडखळतं. तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि वाचा. तिथे कंपनीचं नाव एकीकडे आणि तारीख भलतीकडे गेली असेल, तर प्रणालीलाही तसंच दिसणार. एक रकाना, साधी शीर्षकं, चिन्हं नकोत. आणि ‘ऑटोकॅड: पाचपैकी चार तारे’ ही पद्धत यंत्राला समजत नाही आणि माणसालाही नाही. ते चार तारे तुम्हाला दिले कोणी?

आता कामाच्या अनुभवाकडे. खरी मेहनत इथे आहे.

प्रत्येक कंपनीच्या नावाखाली एक ओळ लिहा: काय बनवते, किती माणसं, ग्राहक कोण. उदाहरणार्थ, ‘मोटारींसाठी प्लास्टिकचे सुटे भाग, ६०० कर्मचारी, दोन कारखाने, माल थेट मोटार उत्पादकांना’. ग्राहक जगभर माहीत असलेला असेल आणि गोपनीयतेचं बंधन नसेल तर त्याचं नावच घाला. तुमची कंपनी वाचणाऱ्याला ठाऊक नसते, पण तुमचा ग्राहक बऱ्याचदा असतो.

हीच युक्ती यंत्रांना आणि मानकांना लागू पडते. सीमेन्सचा एस७-१५०० पीएलसी (यंत्र आपोआप चालवणारा नियंत्रक), फानुक किंवा कुकाचा रोबो, एसएपी या सॉफ्टवेअरचं देखभालीचं मॉड्यूल या गोष्टी वाचणाऱ्याच्या स्वतःच्या कारखान्यातही असतात. आयएटीएफ १६९४९ हे मोटार उद्योगाचं गुणवत्तेचं मानक म्हटलं की मोटार उद्योगातल्या कोणत्याही माणसाला तुमच्या कारखान्यात कागदपत्रं आणि तपासण्या कशा चालतात याचा अंदाज येतो. सुरक्षिततेच्या बाबतीत आयएसओ ४५००१ चं तेच. तुम्ही मात्र ‘विविध प्रकारची अत्याधुनिक यंत्रसामग्री’ असं लिहिता. दोघांनाही माहीत असलेली नावं सीव्हीत जितकी जास्त, तितके तुम्ही त्याला कमी परके वाटाल.

हुद्दा मात्र आहे तोच ठेवा. परदेशात मॅनेजर म्हणतात म्हणून स्वतःला मॅनेजर करून घेऊ नका. नेमणुकीआधी जुन्या कंपनीकडे पडताळणी होते आणि तिथे तुमच्या पत्रावरचाच हुद्दा सांगितला जातो. एका कारखान्यातल्या डेप्युटी मॅनेजरच्या हाताखाली चाळीस माणसं असतात, दुसरीकडच्या डेप्युटी मॅनेजरच्या हाताखाली कोणीच नसतं. म्हणून हुद्द्याशेजारी लिहा: हाताखाली किती तंत्रज्ञ, किती पाळ्या, वरिष्ठ कोण. एवढ्याने तुमची पायरी कळते.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेली ओळ घेऊ: ‘कारखान्यातल्या सर्व मशिनच्या प्रतिबंधक देखभालीची जबाबदारी’. ही ओळ देखभाल विभागातला कोणताही माणूस, पहिल्या वर्षाचा असो की पंधराव्या, जशीच्या तशी लिहू शकतो. तिला विचारा: कोणती मशिन आणि किती? त्यात तुमचा हात कुठे लागला? आधी काय बिघडत होतं, नंतर काय सुधारलं? मग ओळ अशी होईल: ‘८० ते ४५० टनांच्या २२ इंजेक्शन मोल्डिंग मशिनची देखभाल, तीन पाळ्या, ६ तंत्रज्ञ. हायड्रॉलिक बिघाडांची मशिनवार नोंद सुरू केली आणि त्यावरून तेल व सील बदलण्याचं वेळापत्रक नव्याने लावलं. महिन्याचा अनियोजित थांबा सुमारे ४० तासांवरून २५ तासांवर.’ आकडे मी मनाने घातलेत, तुमचे तुम्ही घाला. ओळ अर्थातच तुम्ही इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये लिहाल.

आकडे नसतील तर? बनवू नका. देखभालीच्या कामात मुलाखत घेणारा बहुधा स्वतः त्याच धंद्यातला असतो, आणि ‘हे ४० तास मोजले कसे, त्यात साचा बदलायचा वेळ धरला होता का’ हा त्याचा पहिलाच प्रश्न असतो. सुधारणा मोजलेली नसेल तर व्याप्ती सांगा: किती मशिन, किती टन, किती वेळा, किती माणसं. तेही पुरतं. पैशांतली बचत द्यायचीच असेल तर लाख-कोटींत देऊ नका. परक्या वाचकाला ते मोजताच येत नाही. युरो किंवा डॉलरमध्ये अंदाजे रक्कम द्या. तरी देखभालीत पैशांपेक्षा तास आणि टक्के जास्त बोलके असतात, असं माझं मत.

‘आम्ही केलं’ असं लिहायची आपल्याला सवय आहे, आणि माणूस म्हणून ती चांगलीच. सीव्हीत मात्र सहा जणांच्या कामातलं तुमचं नेमकं कोणतं हे सांगावंच लागतं. ‘सहा जणांच्या गटात पीएलसीचा प्रोग्रॅम मी लिहिला’ यात फुशारकी नाही.

अशा ओळी ताज्या नोकरीखाली पाच-सहा, आधीच्या नोकरीखाली दोन-तीन. कॉलेजातले प्रकल्प आठ वर्षांनंतर गाळा. वडिलांचं नाव, धर्म, उंची-वजन, वैवाहिक स्थिती, शाळेतले गुण, छंद आणि शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. पासपोर्टचा क्रमांक तर सीव्हीत कधीच नको. चार पानांची दोन आपोआप होतील. आणि सुरुवातीला ‘निष्ठावान, परिणामकेंद्री, संघभावनेने काम करणारा व्यावसायिक’ असा जो परिच्छेद एआयकडून लिहून घेतात, तो हल्ली इतक्या सीव्हींत शब्दशः सारखा येतो की डोळा त्यावरून घसरतो. त्याजागी तीन सरळ वाक्यं: काय काम करता, कोणत्या यंत्रांवर, आता काय शोधताय.

फोटोचं उत्तर देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, धर्म, लिंग यांवरून आणि १९६७ च्या कायद्याने चाळिशीपुढच्या वयावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे, कॅनडातही तशीच तरतूद आहे. त्यामुळे या तिन्ही देशांत फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती कंपनीला नकोच असते. उद्या कोणी तक्रार केली तर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणता आलेलं बरं. तुमच्या ब्रिटन आणि कॅनडाच्या सीव्हीतून फोटो आजच काढा. जर्मनीत २००६ मध्ये समान वागणुकीचा कायदा आल्यापासून कंपन्या फोटो मागायचं टाळतात, पण जुनी सवय पुरती गेलेली नाही आणि बरेच जण अजून लावतात. तिथे साधा, नीट काढलेला फोटो असेल तर लावा. लग्नातल्या फोटोतून कापून लावणार असाल तर न लावलेला बरा. आखाती देशांत फोटो, नागरिकत्व आणि वाहन परवाना लिहिण्याची रीत आहे. जपानची गोष्ट वेगळीच: तिथे रिरेकिशो नावाचा ठरावीक फॉर्म असतो, त्यात फोटोची चौकट असते, आणि कामाचा तपशील वेगळ्या कागदावर द्यावा लागतो. जपानला अर्ज करायची वेळ आली तर हा सीव्ही बाजूला ठेवून नव्यानेच सुरुवात करा.

लांबीचं म्हणाल तर तुमच्या अनुभवाला दोन पानं सगळीकडे चालतात. अमेरिकेत रेझ्युमे म्हणतात तो एक-दोन पानांचा; तिथे सीव्ही हा शब्द प्राध्यापक-संशोधकांच्या लांबलचक यादीसाठी वापरतात.

जर्मनीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे अर्ज म्हणजे नुसता सीव्ही नसतो. लेबेन्सलाउफ (म्हणजे जर्मन सीव्ही), एक पानी पत्र आणि प्रमाणपत्रं असं सगळं मिळून पाठवायची पद्धत आहे, शक्यतो एकाच पीडीएफमध्ये. लेबेन्सलाउफमध्ये प्रत्येक नोंदीला महिना आणि वर्ष हवं, अलीकडची नोकरी वर. नुसतं ‘२०१९ ते २०२१’ लिहिलं की मध्ये काही लपवलंय असा संशय येतो. काही महिने रिकामे गेले असतील तर एका ओळीत कारण द्या: भाषेचा अभ्यास, घरातलं आजारपण, नोकरीचा शोध. कारण साधं असलं तरी चालतं, मोकळी जागा चालत नाही.

दुसरं म्हणजे आरबाइट्सत्सॉयग्निस. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला मालकाकडून कामाचं लेखी मूल्यमापन मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि पुढचा मालक ते वाचतो. तुमच्याकडे जे अनुभवपत्र आहे त्यात फक्त हुद्दा आणि तारखा आहेत, असं तुम्ही लिहिलंय. जमल्यास जुन्या वरिष्ठांना गाठून एक पानाचं पत्र घ्या: कोणती यंत्रं, कोणती कामं, किती माणसांचं नेतृत्व, काम कसं होतं. याचा उपयोग कॅनडासाठीही होतो, कारण तिथल्या एक्स्प्रेस एंट्री या कायमच्या वास्तव्यासाठीच्या अर्जपद्धतीत अनुभव सिद्ध करायला कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लिहिलेलं पत्र लागतं. फक्त पत्र, सीव्ही, लिंक्डइन आणि व्हिसाचा फॉर्म या चौघांतल्या तारखा एकसारख्या असू द्या. एका महिन्याच्या फरकावरून कागद अडकलेले मी पाहिलेत.

पदवीचंही तसंच. जर्मनीत अनाबिन नावाचा सरकारी माहितीकोश आहे. त्यात तुमचं विद्यापीठ शोधा. शेजारी ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि तुमची पदवी समकक्ष दाखवली असेल तर ती ओळ सीव्हीत शिक्षणाखाली लिहा. विद्यापीठ किंवा पदवी सापडली नाही तर तिथल्या ‘झेडएबी’ या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घेता येतं. गुण लिहिताना सांभाळा. जर्मन पद्धतीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. तुम्ही चारपैकी ३.६ मिळवून नुसतं ‘३.६’ लिहिलंत तर वाचणारा हळहळेल. ब्रिटनच्या विद्यापीठांत ७० टक्के म्हणजे पहिला वर्ग, अमेरिकेत तेच टक्के सामान्य. म्हणून नुसता आकडा देऊ नका. श्रेणी, वर्ग किंवा ‘अमुकपैकी’ हे सोबत द्या. चार वर्षांची पदवी आहे हेही स्पष्ट लिहा.

भाषेसाठी युरोपात ए१ (सर्वांत खालची) ते सी२ (सर्वांत वरची) ही पायऱ्यांची पद्धत चालते. ‘जर्मन: प्राथमिक’ यातून काही कळत नाही; ‘जर्मन बी१, परीक्षा अमुक महिन्यात उत्तीर्ण’ यातून कळतं. देखभालीच्या कामात तर हे फारच महत्त्वाचं, कारण रात्रपाळीत मशिन बंद पडलं की ऑपरेटर तुमच्याशी इंग्रजीत बोलेलच असं नाही. तुमची जर्मन सध्या ए२ असेल तर बहुतेक नकारांचं कारण तेच असू शकतं, आणि त्यावर सीव्ही हा उपाय नाही.

परवान्याबद्दल सीव्हीच्या वरच्या भागात एक ओळ असू द्या. जर्मनीसाठी, उदाहरणार्थ: ‘कामाचा परवाना नाही, पदवी अनाबिननुसार समकक्ष, ब्लू कार्डासाठी अर्ज करता येईल, नोटीस ६० दिवस’. (ब्लू कार्ड म्हणजे पदवीधर परदेशी माणसाला तिथे राहून काम करायचा परवाना.) छोट्या जर्मन कंपनीने आजवर बाहेरचा माणूस घेतलेलाच नसेल, तर तिला प्रक्रियेचीच भीती वाटते. कुशल कामगारांसाठीची जलद प्रक्रिया तिथे २०२० पासून आहे आणि ती कंपनीला स्थानिक परकीय नागरिक कार्यालयातून सुरू करता येते, हे पत्रात दोन वाक्यांत सांगा. ब्रिटन-कॅनडाच्या सीव्हीत नागरिकत्व नको, पण ‘प्रायोजकत्व लागेल’ हे लपवूही नका.

युरोपासबद्दल: ते युरोपीय संघाचं अधिकृत आणि फुकट साधन आहे, २०२० मध्ये नव्या रूपात आलं. विद्यापीठ, शिष्यवृत्ती, सरकारी किंवा युरोपीय संस्था मागत असेल तर तेच वापरा. खासगी कारखान्यांसाठी मी ते सुचवत नाही. त्यात मजकूर पसरतो, पानं वाढतात, आणि सगळे सीव्ही एकसारखे दिसतात. वाईट नाही, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

हे सगळं तुमच्यासारख्या, त्या देशातली व्यावसायिक नोंदणी नसली तरी काम सुरू करता येतं अशा पेशाला लागू आहे. नर्स, डॉक्टर, शिक्षक यांना आधी त्या देशातली नोंदणी किंवा पदवीची मान्यता लागते. ती नसेल तर उत्तम सीव्हीही पुढे सरकत नाही. कॅनडात ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ हा प्रांताने दिलेला परवाना आहे, तेव्हा ते शब्द स्वतःच्या नावापुढे लावू नका.

फाइल पीडीएफमध्ये पाठवा. भरती एजन्सी कधीकधी वर्ड फाइल मागतात, कारण तुमचा संपर्क काढून स्वतःच्या लेटरहेडवर सीव्ही पुढे द्यायचा असतो. त्यात वावगं काही नाही, फक्त कोणत्या कंपनीकडे पाठवताय ते आधी विचारून घ्या. दोन एजन्सींनी एकाच कंपनीला तुमचं नाव पाठवलं तर वाद नको म्हणून कंपनी तुम्हालाच वगळते.

जिथे जुना सीव्ही गेलाय तिथे त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करू नका. त्या कंपनीच्या पोर्टलवर तुमचं खातं असेल तर त्यातली फाइल बदला आणि नवी जागा निघाली की अर्ज करा. जुना अर्ज त्यांच्याकडे बहुधा राहिलेला असतो, म्हणून नव्या सीव्हीतल्या तारखा आणि हुद्दे जुन्याशी जुळतात ना, एवढं पाठवण्यापूर्वी पडताळून घ्या. जुन्यात काही चुकलेलं असेल तर नव्या पत्रात एका वाक्यात तसं सांगून टाका.